काचघर क्रमांक एक

आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसच्या दारात एक पितळी पाटी आहे, 'हरित इमारत'. पुण्याच्या कडेला, एका तलावाला लागून आमचे सहा टॉवर आहेत. क्लबहाऊसच्या गच्चीवर सोलर पॅनेल आहेत आणि तळघरात सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट. गेल्या वर्षी मी कमिटीवर गेलो, तेव्हा कळलं की हा प्लांट दिवसातून जेमतेम दोन तास चालतो. खजिनदार काकांना विचारलं, तर म्हणाले, "अरे, विजेचं बिल बघितलंस का तू? तपासणीला कोणी आलं की लावतो की चालू."

उरलेलं पाणी कुठे जातं, हे विचारायची गरज नव्हती. संध्याकाळी बाल्कनीत उभं राहिलं की कळतं.

त्याच्या आधीच्या वर्षी मी कंपनीच्या कामासाठी तीन महिने स्टॉकहोमला होतो. राहायची सोय हमार्बी शोस्ताद नावाच्या भागात होती. 'शोस्ताद' म्हणजे तळ्याकाठचं शहर. पाणी, झाडं, ट्राम, पलीकडच्या काठावर नेणारी फुकट फेरी. मला वाटलं, यांचं सगळं पहिल्यापासूनच असं असणार. मग या जागेचा इतिहास वाचायला लागलो आणि समजूत पार बदलली.

हे तळंसुद्धा आता मूळचं तळं राहिलेलं नाही. जहाजांसाठी कालवा काढताना त्याचं पाणी उतरवलं गेलं आणि १९२९ साली नवं जलद्वार सुरू झाल्यावर ते बाल्टिक समुद्राच्या पातळीला आलं. काठावर कारखाने आणि गोदामं आली. दक्षिणेकडच्या एका पट्ट्याचं नाव होतं लुग्नेट, म्हणजे 'शांतता'. प्रत्यक्षात तिथे पत्र्याच्या शेड, छोटे वर्कशॉप आणि भंगारवाले होते. आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या औद्योगिक पट्ट्याची आठवण यावी असं चित्र. नंतर घरं बांधायची ठरली, तेव्हा तिथल्या मातीतून तेल आणि जड धातू काढावे लागले.

त्या काळातली एक इमारत मात्र मुद्दाम ठेवली आहे, लुमा दिव्यांचा कारखाना. तिची गोष्ट भारी आहे. १९२४ साली जगातल्या मोठ्या बल्ब कंपन्यांनी 'फीबस' नावाचं कार्टेल केलं. बाजार वाटून घेतला आणि बल्बचं आयुष्य १००० तासांवर आणून ठेवलं, म्हणजे गिऱ्हाईक लवकर परत येणार. स्वीडनमधल्या ग्राहक सहकारी संस्थांच्या महासंघाने ठरवलं की आपण स्वतःचा बल्ब काढायचा. १९३० साली हमार्बीत कारखाना उभा राहिला आणि कार्टेलला स्वीडनमधले भाव उतरवावे लागले. साखर आणि दूध यांच्या सहकारावर वाढलेल्या आपल्या मुलखात ही गोष्ट कुणी सांगितली नव्हती, याचं मला आश्चर्य वाटलं. आज त्या कारखान्यात कार्यालयं आहेत.

नवं शहर आलं ते ऑलिंपिकच्या निमित्ताने. स्टॉकहोमला २००४ चं ऑलिंपिक हवं होतं आणि खेळाडूंची वसाहत या काठावर होणार होती. दावा वजनदार व्हावा म्हणून पर्यावरणाची कडक उद्दिष्टं ठरवली गेली. घोषणा होती 'दुप्पट चांगलं', म्हणजे त्या वेळच्या नव्या घरांच्या तुलनेत पर्यावरणावरचा भार निम्मा. सप्टेंबर १९९७ मध्ये ऑलिंपिक अथेन्सला गेलं. एवढ्यावर योजना गुंडाळली असती, तरी कुणी बोललं नसतं. शहराने ती पुढे नेली. नगररचनाकार यान इंगे-हागस्ट्रोम यांच्या नेतृत्वाखाली आराखडा आकाराला आला.

माझ्यातल्या इंजिनिअरला सगळ्यात आवडली ती पुढची पायरी. पाणी, वीज-उष्णता आणि कचरा बघणाऱ्या संस्था एकत्र बसल्या आणि तिघांनी मिळून एकच आकृती काढली. एकाचा टाकाऊ माल तो दुसऱ्याचा कच्चा माल. सांडपाण्यातल्या गाळापासून बायोगॅस होतो आणि सुमारे १००० घरांत त्यावर स्वयंपाक होतो. शुद्ध केलेल्या पाण्यात उरलेली ऊब हीट पंपाने काढून घरं तापवायला वापरतात. हे केंद्र तर १९८६ पासूनच चालू होतं, आकृतीने त्याला बाकीच्यांशी जोडलं. कचरा जमिनीखालच्या नळांतून हवेने ओढला जातो. आमच्या भाषेत सांगायचं, तर तीन वेगळ्या टीमनी आधी इंटरफेस ठरवला आणि मग कोड लिहिला.

ही आकृती लोकांना दिसावी म्हणून २००२ साली वस्तीच्या मधोमध एक छोटी इमारत उघडली. ग्लासहुस-एट, म्हणजे काचघर क्रमांक एक. काचेच्या दुहेरी भिंती, सौर पॅनेल, बायोगॅस आणि फ्युएल सेल. काम एकच : इथे राहणाऱ्याला त्याचं पाणी, वीज आणि कचरा कुठून येतो, कुठे जातो हे समजावून सांगणं. आपल्याकडे क्लबहाऊसमध्ये जिम असते, टेबल टेनिस असतं. यांनी तिथे वस्तीचं पोट उघडून दाखवलं.

इथपर्यंतची गोष्ट माहितीपत्रकात सापडते. पुढची गोष्ट मला जास्त जवळची वाटते.

ऊर्जेचं उद्दिष्ट होतं वर्षाला चौरस मीटरमागे ६० युनिट. प्रत्यक्षात इमारती त्याच्या बऱ्याच वर गेल्या. एक कारण अगदी ओळखीचं आहे : तळ्याचा देखावा विकायचा, तर खिडक्या मोठ्या हव्यात आणि स्वीडनच्या थंडीत मोठी खिडकी म्हणजे गळकी बादली. काचघर हुशार होतं, पण शेजारच्या इमारतीचा वापर त्याच्या हातात नव्हता.

मग २०१० नंतर रहिवासीच पुढे आले. त्यांच्यात होते अलान लार्सन, स्वीडनचे माजी अर्थमंत्री. म्हणजे खऱ्या अर्थाने 'खजिनदार काका'! त्यांच्या गटाने एक साधी गोष्ट केली : सोसायट्यांचे ऊर्जेचे आकडे शेजारीशेजारी मांडले. त्याच काळातल्या, त्याच नियमांनी बांधलेल्या इमारतींच्या वापरात मोठा फरक निघाला. आराखडा तोच, चालवणारे वेगळे. आकडे दिसल्यावर लोक यंत्रणा नीट लावून घेऊ लागले. नव्या शहराचं नूतनीकरण असं हे उलटं काम वसाहत पुरती बांधून व्हायच्या आतच सुरू झालं होतं.

हे वाचलं आणि मला आमची पितळी पाटी आठवली. ती एका दिवसाबद्दल बोलते, ज्या दिवशी ती लावली. प्लांट मात्र रोज चालवावा लागतो.

मीटिंगमध्ये मी भाषण केलं नाही. एवढंच सुचवलं की प्लांट रोज किती तास चालला आणि त्याला किती वीज लागली, हे लिफ्टमध्ये लिहायचं. काका आधी नाराज झाले. मग म्हणाले, "लिहू या. पण बिलाचा आकडाही लिहायचा. लोकांनाही कळू दे."

पहिल्या आठवड्यात तक्त्यावर दोन-दोन तास होते. तिसऱ्या आठवड्यात चौथ्या मजल्यावरच्या आजींनी लिफ्टमध्ये काकांना अडवलं, "अहो, काल शून्य का लिहिलंय?" मोटर बिघडली होती. तिसऱ्या दिवशी ती दुरुस्त झाली.

तलावाला अजून वास येतो. या महिन्यात तक्त्यावर रोज नऊ तास दिसतायत.