छापचित्रांतील फिरते वादक: तसबिरीत देवी, मग गोंधळी कुठे?

धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूरच्या बाजारात भवानीमातेच्या छापील तसबिरी दुकानोदुकानी मिळतात. पण देवीचा गोंधळ घालणारा, गळ्यात कवड्यांची माळ आणि कमरेला संबळ बांधलेला गोंधळी त्या तसबिरींत सहसा नसतो. असे का झाले?

छापचित्र म्हणजे काय?

धातूचा पत्रा, दगड किंवा लाकडी ठोकळ्यावर चित्र तयार करून शाईने कागदावर घेतलेला ठसा म्हणजे छापचित्र. एचिंगमध्ये तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा थर देतात, सुईने रेषा ओढतात आणि उघड्या पडलेल्या रेषा आम्लाने कोरल्या जातात. एका पत्र्यावरून अनेक प्रती निघतात, त्यामुळे चित्र स्वस्त होते.

वादक छापचित्रांत कसे आले?

युरोपात रोजचे जीवन हा छापचित्रांचा आवडता विषय होता. डच चित्रकार रेम्ब्रांने १६३५च्या सुमारास दारोदार फिरणाऱ्या वादकांचे एचिंग केले. भारतात हे काम बाल्ताझार सोल्विन्स या अँटवर्पच्या चित्रकाराने केले. १७९१मध्ये तो कलकत्त्याला आला आणि १७९९मध्ये त्याने २५० रंगीत एचिंगचा संग्रह काढला. त्यात वाद्ये वाजवणाऱ्यांचा स्वतंत्र विभाग आहे. संग्रह फारसा खपला नाही. आज मात्र त्या काळी वाद्य कसे धरत, कसे वाजवत हे पाहण्यासाठी अभ्यासक याच चित्रांकडे वळतात.

महाराष्ट्रात काय छापले गेले?

पुण्याचा चित्रशाळा छापखाना १८७८मध्ये आणि राजा रविवर्म्यांचा मुंबईतील छापखाना १८९४मध्ये सुरू झाला. दोन्हीकडे शिळाछापाने रंगीत चित्रे निघत. गिऱ्हाईक देवघरात किंवा भिंतीवर लावण्यासाठी चित्र घेई, म्हणून देवदेवता, पुराणकथा आणि ऐतिहासिक पुरुष जास्त छापले गेले. रस्त्यावरच्या माणसांना थोडी जागा मिळाली ती पोस्टकार्डांवर. महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांनी मुंबईच्या रोजच्या जीवनाची अशी चित्रे काढली.

चित्रात काय राहते, काय सुटते?

संबळाची जोडी, ती वाजवायच्या काठ्या, एकतारी तुणतुणे, पेटता पोत हे सगळे चित्रात टिपता येते. आवाज टिपता येत नाही. वादकाचे नावही बहुधा सुटते: सोल्विन्सच्या चित्रांखाली वाद्याचे नाव आहे, वाजवणाऱ्याचे नाही. लग्नानंतरचा गोंधळ मात्र आजही अनेक घरांत घातला जातो. तिथे फोटो काढताना गोंधळ्याचे नाव विचारून लिहून ठेवता येते.