उन्हाळी फुलझाडे निवडताना : आधी बादल्या मोजा, मग बी घ्या

बिदर, भालकी, हुमनाबाद, कलबुर्गी इकडच्या नर्सऱ्यांत फेब्रुवारी-मार्चला गेलं की पेटुनिया, फ्लॉक्स, डायन्थस, पॅन्सीची रोपे फुलासकट मांडलेली दिसतात. रंग पाहून माणूस पाच-दहा पिशव्या उचलतो. पण ही सगळी थंडीची फुले. पारा 35 च्या वर सरकला की पेटुनिया लांबडा होतो, फ्लॉक्स खालून पिवळा पडतो, पॅन्सी तर थोड्याच दिवसांत बसते. मग "आमच्याकडं उन्हाळ्यात फुलं टिकतच नाहीत" म्हणून कुंड्या पालथ्या घातल्या जातात. यात कुंडीचा दोष नाही आणि हाताचाही नाही, हंगाम चुकलेला असतो. एप्रिल-मेच्या उन्हात फुलणारी हंगामी झाडे वेगळी आहेत. त्यांचे बी जानेवारीअखेर ते फेब्रुवारीअखेर मातीत पडले पाहिजे. फार तर मार्चचा पहिला आठवडा.

निवडीचा पहिला प्रश्न रंगाचा नाही, पाण्याचा आहे. दहा इंची कुंडीतले वाढलेले रोप मे महिन्यात दिवसाला साधारण एक ते दीड लिटर पाणी पिते. म्हणजे पंधरा लिटरच्या एका बादलीत दहा, ओढूनताणून पंधरा कुंड्या. नळ रोज येत नाही, बोअर उचक्या देतो, टँकर विकतचा, हे ज्यांच्या घरी आहे त्यांनी बागेसाठी रोज किती बादल्या सुटतील ते आधी ठरवावे. एकच सुटणार असेल तर दहाच कुंड्या. जमिनीतल्या रोपाला कुंडीइतके लागत नाही, कारण मुळांना खाली ओल सापडते. भांडी विसळलेले पाणी चालते, कपड्यांच्या पावडरीचे नको. आरओ मशीनचे वाया जाणारे पाणी फुकट मिळते खरे, पण ते मूळ पाण्यापेक्षा खारट असते. रोज घातले की पानांच्या कडा करपतात.

दुसरी गोष्ट माती. बिदर शहर सुमारे 2300 फुटांवर, जांभ्याच्या लाल पठारावर. कलबुर्गी सुमारे 1500 फुटांवर, काळ्या जमिनीत, आणि ऊनही तिथे जास्त. जांभ्यातून पाणी झरझर खाली उतरते. नौबादचा बहमनी काळातला करेझ, ज्याला लोक सुरंग बावी म्हणतात, तो याच गुणावर उभा आहे. वरून मुरलेले पाणी खालच्या बोगद्यात झिरपून पुढे जाते. फुलझाडाला मात्र हा गुण निम्माच उपयोगी: मुळे कुजत नाहीत, पण सकाळचे पाणी संध्याकाळपर्यंत राहत नाही. लाल मातीत शेणखत सढळ हाताने घालावे आणि थोडे थोडे पाणी रोज द्यावे. आळंद, अफजलपूर, औराद भागातल्या काळ्या मातीचे उलटे. ती पाणी धरून ठेवते, वरून भेगाळलेली दिसली तरी चार बोटे खाली ओली असते. वरची भेग पाहून रोज पाणी घालणारे लोक झाड उन्हाने मेलं म्हणतात, ते खरे तर मुळे कुजून मेलेले असते. काळ्या मातीत वाफा वीतभर उंच करावा, त्यात मुरूम किंवा वाळू मिसळावी आणि बोटाने उकरून बघूनच पाणी द्यावे.

आता झाडे. सगळ्यात कमी पाण्यावर निभावणारा म्हणजे पोर्तुलाका, आपला ऑफिस टाईम किंवा चिनी गुलाब. जाड पानांत पाणी साठवतो, एक दिवस विसरलात तरी रुसत नाही. गच्चीवरच्या पसरट कुंडीला याच्यासारखे दुसरे नाही. एकच अट, दिवसभर कडक ऊन हवे. सावलीत फूल उघडतच नाही.

त्याच्या खालोखाल गलांडा, म्हणजे गॅलार्डिया. मूळचा टेक्सास-मेक्सिकोकडचा, त्यामुळे ऊन आणि हलकी जमीन त्याच्या सवयीची. थोडे खारट बोअरचे पाणीही सोसतो. फुलायला अडीच-तीन महिने घेतो, म्हणून उशीर करू नये. देवाला, हाराला, दोन्हीला चालतो.

बटण फूल, म्हणजे गोंफ्रेना, इकडे फार कमी लोक लावतात. लावायला हवे. जांभळी, गुलाबी, पांढरी गोल फुले झाडावर कितीतरी दिवस टिकतात आणि वाळल्यावरही रंग सोडत नाहीत. बियांवर कापसासारखे आवरण असते. रात्रभर भिजवून पेरले तर उगवण बरी होते.

कोंबडा (कन्नडमध्ये कोळी जुट्टु) हा तुरीच्या शेतातल्या कुर्डूचाच भाऊबंद. त्याला ऊन मानवते, मात्र रोप लहान असताना पाण्याचा ताण बसला की बोटभर वाढूनच तुरा काढतो. मग कितीही खत घाला, उंची वाढत नाही.

झिनिया आणि पिवळा-केशरी कॉसमॉस दोन्ही मेक्सिकोकडचे, दोन्ही दोन महिन्यांत फुलतात. झिनियाचे बी आठवड्याच्या आत उगवते, मुलांना लावायला द्यावे असे झाड. अंतर एक फूट ठेवावे आणि पाणी बुडाशी घालावे, पानांवर नको, नाहीतर भुरी येते. झिनियाला पोर्तुलाकापेक्षा बरेच जास्त पाणी लागते, हे बादल्यांच्या हिशोबात धरावे. कॉसमॉसला खत जास्त झाले तर नुसता पाला वाढतो.

सदाफुली (कन्नडमध्ये नित्यपुष्प) खरे तर बहुवर्षायू, पण हंगामी म्हणूनही लावतात. लाल मातीत बिनतक्रार, काळ्यात पाणी साचले की एका रात्रीत मान टाकते. शेळ्या सहसा तिला तोंड लावत नाहीत. ती विषारी आहे. कर्करोगावरची विनक्रिस्टिन आणि विनब्लास्टिन ही औषधे याच झाडातून काढतात. म्हणून घरगुती औषध म्हणून पाने चघळण्याचा प्रकार करू नये.

झेंडूबद्दल (चेंडू हूवु) सगळेच विचारतात. अक्षय्य तृतीया आणि बसव जयंती एकाच दिवशी येतात, लग्नसराई असते, तेव्हा मागणी जोरात. पण उन्हाळ्यात झेंडूचे फूल लहान राहते आणि लाल कोळी पाने पिवळी करतो. दुपारनंतर सावली येणारी जागा असेल तर चार झाडे लावावीत. सगळा भरवसा त्यावर ठेवू नये. तेरड्याची तर घाईच करू नये, ते पावसाळ्याचे झाड.

रोपे लहान असेपर्यंत दुपारची सावली हवी. शेडनेट विकत आणायलाच पाहिजे असे नाही. चार तुराट्या रोवून वर जुने पोते टाकले तरी भागते. रोप वीतभर झाले की पोते काढावे. बुडाशी तुरीच्या भुसकटाचा दोन बोटे थर द्यावा. तुरीच्या या पट्ट्यात ते सहज मिळते आणि दिवसाआड पाण्यावर वाफा निभतो. पाणी सकाळी लवकर. भर दुपारी कोमेजलेली पाने बघून घाईने पाणी ओतू नये. झिनिया, सूर्यफूल दुपारी माना टाकतात आणि सूर्य कलला की आपोआप ताठ होतात. सकाळीही मान खाली असेल तरच पाणी कमी पडले असे समजावे.

मृगाच्या सरी यायच्या आत झिनिया, गलांडा, कॉसमॉस, बटण फुलांची पूर्ण वाळलेली बोंडे तोडून सावलीत सुकवावीत आणि कापडी पिशवीत बांधून ठेवावीत. पाकिटावर हायब्रीड लिहिलेले असेल तर त्याचे बी पुढच्या वर्षी तसेच रंग देईल असे नाही. पोर्तुलाकाचे बी मोहरीहून कितीतरी बारीक, गोळा करण्यात वेळ जातो. त्याच्या बोटभर फांद्या तोडून ओल्या मातीत खोचल्या तरी धरतात.