लोखंड, धूळ आणि गोळी

लोखंड गंजते हे लहान मुलालाही ठाऊक असते. हवेतला प्राणवायू आणि थोडी ओल मिळाली की त्याला तांबूस पापुद्रे सुटू लागतात. माणसाच्या शरीरातही लोह आहे, ओल आहे, आणि प्राणवायू तर श्वासागणिक आत जातो. मग गंजण्यासारखे काही आपल्या आतही घडत असेल काय? या प्रश्नाचा इतिहास आज आपणांपुढे मांडावयाचा आहे. आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. परंतु या इतिहासाची एक वाट कारखान्यातून आणि कामगार संघटनेच्या कचेरीतून गेलेली आहे, म्हणून तो सांगण्याचे धाडस करीत आहोत.

प्रौढ माणसाच्या शरीरात तीन ते चार ग्रॅम लोह असते. म्हणजे एखाद्या खिळ्याएवढे. त्यातले बहुतेक रक्ताच्या तांबड्या पेशींत असते आणि प्राणवायू वाहून नेण्याची हमाली करते. ही हमाली बंद पडली तर माणूस जगणार नाही. पण हेच लोह मोकळे सुटले की काय करते, याचा पहिला सुगावा केंब्रिजच्या हेन्री फेंटनला लागला. चिंचेत जे टार्टारिक आम्ल असते, त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडचा म्हणावा तसा परिणाम होत नाही. पण लोहाच्या क्षाराची चिमूट पडताच क्रिया भराभर सुरू होते, हे त्याने १८७६ साली पाहिले आणि १८९४ साली सविस्तर प्रसिद्ध केले. १९३४ साली हाबर आणि वाइस यांनी त्याचा उलगडा सुचविला. लोहामुळे पेरॉक्साइड फुटते आणि त्यातून एक अत्यंत जहाल तुकडा बाहेर पडतो, जो समोर येईल त्याचा लचका तोडतो. अशा तुकड्यांना शास्त्रज्ञ मुक्त मूलक म्हणतात.

हे सारे काचेच्या नळीतले रसायनशास्त्र म्हणून बाजूला पडून राहिले. १९५४ साली रेबेका गेर्शमन या अर्जेंटिनी विदुषीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी असे मांडले, की प्राणवायू अति झाला असता होणारी इजा आणि क्ष-किरणांनी होणारी इजा यांचे मूळ एकच, हे मुक्त मूलक. १९५६ साली डेनम हार्मन यांनी वार्धक्याचा संबंधही त्यांच्याशी जोडला. पुष्कळांना ही अतिशयोक्ती वाटली. पण १९६९ साली मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी असे मूलक निकामी करणारे एक द्रव्य रक्तपेशींतच शोधून काढले. चोर नसता तर शरीराने पहारेकरी कशाला ठेवला असता? लोहावरही असाच पहारा आहे. ते फेरिटिन नावाच्या प्रथिनाच्या कोठारात कुलूपबंद असते, आणि हे प्रथिन लाउफबर्गर या चेक शास्त्रज्ञाने १९३७ सालीच वेगळे केले होते.

आता प्रयोगशाळा सोडून कारखान्यात येऊ. अ‍ॅस्बेस्टॉस हा तंतू असलेला दगड. आगीला दाद देत नाही म्हणून बॉयलरपासून घराच्या छपरापर्यंत सर्वत्र त्याचा वापर झाला. १९३० साली इंग्लंडातील कारखाना निरीक्षक मेअरवेदर आणि प्राइस यांचा अहवाल निघाला. तपासलेल्या ३६३ कामगारांपैकी ९५ जणांची फुप्फुसे तंतूंनी घट्ट झालेली आढळली. उपाय त्यांनी सरळ सांगितला होता: धूळ उडू देऊ नका, उडाली तर ती ओढून घ्या. १९३१ साली तसे नियमही झाले.

पुढचा मोठा पुरावा एका कामगार संघटनेच्या नोंदवहीतून आला. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीकडील उष्णतारोधक काम करणाऱ्या कामगारांच्या संघटनेने आपल्या सभासदांची यादी नीट ठेवली होती. डॉ. अर्व्हिंग सेलिकॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४२ अखेर त्या यादीत असलेल्या ६३२ जणांचे पुढे काय झाले, याचा १९६२ पर्यंत माग काढला. फुप्फुस आणि त्याच्या आवरणाच्या कर्करोगाने सहा-सात मृत्यू अपेक्षित होते, झाले ४५. हा हिशेब १९६४ साली जगापुढे आला. वर्गणीची वही म्हणून जिच्याकडे कोणी पाहिले नसते, तिने हे काम केले.

दगडाच्या धुळीने कर्करोग का व्हावा? येथे आपले लोह पुन्हा भेटते. निळ्या आणि तपकिरी अ‍ॅस्बेस्टॉसच्या घडणीतच भरपूर लोह असते. १९८४ साली वाइट्झमन आणि ग्रासेफा यांनी दाखविले, की या तंतूंच्या सान्निध्यात पेरॉक्साइडपासून मुक्त मूलक तयार होतात आणि लोह बांधून ठेवले की ही क्रिया दबते. फुप्फुसातील पहारेकरी पेशी लांब तंतू गिळू शकत नाहीत. त्या पेरॉक्साइड सोडीत राहतात आणि फेंटनची ती क्रिया वर्षानुवर्षे चालू राहते. हे एकमेव कारण नव्हे. पांढऱ्या जातीत लोह थोडे असते, तरी तिनेही कर्करोग होतोच.

मग कोणाच्याही मनात येईल, की मुक्त मूलकांना मारणारी गोळी द्यावी. अशा द्रव्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. गाजर, लाल भोपळा यांत बीटा-कॅरोटीन असते आणि भाजीपाला खाणाऱ्यांत कर्करोग कमी दिसत होता. १९८१ साली पेटो, डॉल प्रभृतींनी याची चाचणी घेण्याजोगी आहे, असे मांडले. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला. १९९४ साली निकाल लागला: बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक! अमेरिकेत १८,३१४ जणांना घेऊन दुसरा प्रयोग चालू होता. त्यांतले ४,०६० जण अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीत काम केलेले पुरुष होते. त्यांना बीटा-कॅरोटीनबरोबर अ जीवनसत्त्वही दिले जात होते. जानेवारी १९९६ मध्ये हा प्रयोग मुदतीच्या २१ महिने आधी थांबवावा लागला. गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग २८ टक्क्यांनी आणि मृत्यू १७ टक्क्यांनी अधिक निघाले.

शास्त्रज्ञांना दोष देण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. त्यांनी मोजले, म्हणून कळले. न मोजता विकणारे निराळे. गाजर वाईट ठरले असेही नाही. ताटातल्या भाजीत शेकडो द्रव्ये बेताने असतात. त्यांतले एक उचलून मोठ्या मात्रेत दिले की त्याचे वागणे बदलू शकते. लोहाच्या गोळीविषयीही गैरसमज नको. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत आपल्या देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. डॉक्टरांनी तपासून दिलेली लोहाची गोळी त्यांनी अवश्य घ्यावी. ती उणीव भरून काढते. धुळीच्या कामगाराला गोळीची उणीव नसते; त्याच्या छातीत नको ती वस्तू शिरलेली असते.

आपल्याकडे धुळीच्या कामावर गूळ वाटण्याची चाल आहे. गूळ वाटणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण गूळ पोटात जातो आणि धूळ फुप्फुसात. गूळ, जीवनसत्त्व किंवा तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ ओढणाऱ्या पंख्याची जागा घेऊ लागली, की १९३० चा अहवाल पुन्हा उघडून वाचावा लागतो.

आपल्या देशात पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसवर सरसकट बंदी झालेली नाही. तथापि २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा त्याचा मूलभूत हक्क ठरविला आणि अ‍ॅस्बेस्टॉस कामगाराच्या प्रकृतीची नोंद कामावर लागल्यापासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जे उशिरा येईल तोवर ठेवण्याचा आदेश दिला. हा रोग कित्येकदा वीस-तीस वर्षांनी उगवतो. तोवर कामगार गावी गेलेला असतो, कारखान्याचे नावही बदललेले असते. म्हणून जे कारखान्यात आहेत त्यांनी आपली नोंद मागून घ्यावी, आणि जे नाहीत त्यांनी आपल्या घरचा सिमेंटचा जुना पत्रा कोरड्यावर करवतीने कापू देऊ नये. ज्याच्या हाती ती करवत असते, तोही कोणाच्या तरी घरचा मिळवता माणूस असतो.