नायट्रस ऑक्साइड उत्सर्जन, शेतजमिनीतील (शहापूर व मुरबाड तालुके)

खतातील व सेंद्रिय पदार्थांतील नत्राचे रूपांतर सूक्ष्मजीव करत असताना मातीतून नायट्रस ऑक्साइड हवेत सुटण्याची प्रक्रिया. भूल देण्यासाठी वापरला जाणारा ‘हसवणारा वायू’ तो हाच. वातावरणात तो शंभराहून अधिक वर्षे टिकतो. शंभर वर्षांच्या हिशेबात त्याचा एक किलो २७३ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. ओझोनचा थरही तो झिजवतो.

ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील या तालुक्यांत सह्याद्रीच्या पायथ्याला भाताची खाचरे आणि चढावर नाचणी-वरीची वरकस जमीन अशी दुहेरी शेती आहे. एकाच पावसात या दोन जमिनींतले जीव निराळे वागतात, म्हणून हा प्रदेश विषय समजून घेण्यास सोयीचा आहे.

युरिया मातीत पडला की काही दिवसांत त्याचे अमोनियम होते. हवा खेळती असेल तर नायट्रोसोमोनससारखे जिवाणू व आर्किया गटातील जीव त्याचे नायट्राइट बनवतात. नायट्रोबॅक्टर व नायट्रोस्पायरा पुढे नायट्रेट करतात. या नत्रीकरणात थोडा नायट्रस ऑक्साइड वाटेतच निसटतो. ऑक्सिजन संपला की स्यूडोमोनस, पॅराकोकस इत्यादी जिवाणू श्वसनासाठी नायट्रेट वापरू लागतात. हे विनत्रीकरण. त्यात नायट्रस ऑक्साइड ही शेवटून दुसरी पायरी असते आणि तिथून पुढे निरुपद्रवी नायट्रोजन वायू तयार होतो. मात्र ही शेवटची पायरी पार करणारे तांबेयुक्त विकर ऑक्सिजनपुढे आणि आम्लतेपुढे हतबल ठरते. बहुतेक बुरशींत तर ते नसतेच. कोकणातल्या तांबड्या आम्लधर्मी जमिनींत साखळी अर्ध्यावर तुटण्याचा धोका त्यामुळे जास्त.

चिखलणी करून पाणी बांधलेल्या खाचरात वरचा काही मिलिमीटरचा थर सोडला तर खाली ऑक्सिजन नसतो. तिथे विनत्रीकरण बहुधा शेवटपर्यंत जाते. नायट्रस ऑक्साइड कमी निघतो, मिथेन मात्र जास्त. खरी अडचण पावसाने उघडीप दिल्यावर येते. खाचर सुकते, भेगांतून हवा शिरते, साठलेल्या अमोनियमचे नायट्रेट होते आणि पुढच्या सरीने माती पुन्हा कोंडली की वायूचा लोट उठतो. मातीची साधारण ६० ते ८० टक्के छिद्रे पाण्याने भरलेली असताना तो सर्वाधिक असतो. कापणीआधी पाणी सोडल्यावर, आणि पाण्याची सोय असलेल्या उन्हाळी भाजीपाल्यात दर पाळीला, हेच चक्र चालते.

आकड्यांत सांगायचे तर ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत २०.७ किलो नत्र असतो. हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या २०१९ च्या गुणकांनुसार सतत पाणी असलेल्या भातात त्यातला ०.३ टक्के, मधे पाणी आटणाऱ्या भातात ०.५ टक्के आणि पाणी न बांधलेल्या इतर पिकांत सुमारे १ टक्का नत्र या वायूच्या रूपाने जातो. म्हणजे गोणीमागे अनुक्रमे सुमारे १००, १६० आणि ३२५ ग्रॅम नायट्रस ऑक्साइड. हे सरासरी गुणक आहेत. एखाद्या शेतातले प्रमाण पाऊस, माती आणि खताची वेळ यांनुसार बरेच बदलते.

खत देण्याची रीत म्हणूनच कळीची आहे. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री लागवडीत युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मध्ये, चिखलात खोल खोचतात. तिथे ऑक्सिजन नसल्याने अमोनियम अमोनियमच राहते, मुळांना हळूहळू मिळते आणि एकूण खतही कमी लागते. शेतकऱ्याचा पैसा वाचवणारा हा उपाय प्रत्येक खाचरात पोचायला हवा. २०१५ पासून देशी युरियाला सक्तीचा झालेला कडुनिंबाचा लेप नत्रीकरणाचा वेग मंदावतो. गिरिपुष्पाचा पाला गाडल्याने रासायनिक खताची गरज घटते; पण पाल्यातला नत्रही त्याच जीवांच्या हाती जातो, तेव्हा सेंद्रिय म्हणजे उत्सर्जनमुक्त हा समज चुकीचा आहे.

शेजारच्या कर्जत तालुक्यातील नेरळ येथे चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा राईस तंत्रात चिखलणी व लावणी नसते. गादीवाफ्यावर भात टोकतात. मिथेन त्यामुळे घटतो. परंतु हवा खेळणाऱ्या वाफ्यात नत्रीकरणाला वाव मिळतो, म्हणून अशा शेतात दोन्ही वायू एकत्र मोजावे लागतात आणि युरिया एकदम न देता पिकाच्या गरजेप्रमाणे हप्त्याहप्त्याने द्यावा लागतो.