नाशिकची द्राक्षपंढरी बघायला कुटुंबासह निघताय? हे आधी वाचा

नाशिक म्हटलं की पूर्वी रामकुंड आणि त्र्यंबकेश्वर एवढंच डोळ्यापुढे यायचं. आता गंगापूर धरणाचा परिसर आणि दिंडोरी, निफाड तालुक्यातील द्राक्षबागा, वायनरी बघायलाही लोक पोराबाळांसह येतात.

कधी जावे?
जानेवारी ते मार्च हा काळ सर्वात चांगला. ऑक्टोबर छाटणीनंतर धरलेला माल या दिवसांत काढणीला येतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की बागेत बघण्यासारखं फारसं उरत नाही.

कसे जावे?
एसटीत महिलांना व 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट, तर 75 वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे. रेल्वेने येणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, नाशिकरोड स्टेशन शहरापासून लांब आहे. तिथून सिटीलिंक बस किंवा रिक्षा मिळते.

एका दिवसात काय बघाल?
- सकाळी पंचवटी: रामकुंड, सीतागुंफा आणि काळाराम मंदिर. याच मंदिरात प्रवेशासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली 2 मार्च 1930 रोजी सत्याग्रह सुरू झाला.
- नंतर मिसळ खाऊन पांडवलेणी. डोंगरावर 24 लेणी आहेत. पायऱ्या चढाव्या लागतात, म्हणून म्हाताऱ्या माणसांना उन्हाच्या आत न्यावे.
- दुपारनंतर गंगापूर धरणाकडची वायनरी.

मुक्काम असेल तर दुसऱ्या दिवशी त्र्यंबकेश्वर किंवा वणीची सप्तशृंगी करता येते.

वायनरीत लहान मुले चालतात का?
नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे आहेत. प्रवेश शुल्क, मुलांचा प्रवेश आणि वेळ आधी फोन करून विचारा. 21 वर्षांखालील कोणालाही वाइन देता येत नाही. ड्राय डेला वाइन मिळत नाही. गाडी चालवणाऱ्याने एक घोटही घेऊ नये, घरची माणसे त्याच्याच भरवशावर असतात.

बागेतला घड न विचारता तोडू नका. फवारणी झालेली असू शकते, आणि तो कोणाच्या तरी वर्षभराच्या कष्टाचा माल आहे.

बाग बघून लावायचा विचार आला तर?
अनेक शेतकरी बाग बघून वाइनची द्राक्षे लावायचा विचार करतात. पण हा माल खायच्या द्राक्षांसारखा नाही. मणी बारीक, साल जाड आणि आत बी. बाजार समितीत त्याला गिऱ्हाईक नसते, तो वायनरीलाच द्यावा लागतो. 2009-10 च्या सुमारास वाइन धंद्यात मंदी आली, तेव्हा माल पडून राहिल्याने कित्येकांनी उभ्या बागा तोडल्या.

म्हणून आधी वायनरीशी लेखी करार करा. त्यात दर, गोडीची अट, किती वर्षांची खरेदी आणि पैसे किती दिवसांत मिळणार हे स्पष्ट हवे. लागवडीचा खर्च त्यानंतरच करावा.