वेड पांघरून पेडगावला

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मध्यंतरी काष्टीला जाऊन आलो. शनिवार होता, म्हणजे बाजाराचा दिवस. बैलबाजार पूर्वीइतका गजबजलेला वाटला नाही, पण रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवणारे दोघे दिसले आणि अण्णांची आठवण आली. या बाजारात आमच्या अण्णांना नावाने कमी लोक ओळखायचे. 'बादशहा' म्हटलं की सगळ्यांना कळायचं. मी लहान असताना गावच्या हौशी मंडळींनी यात्रेत वसंत कानेटकरांचं 'इथे ओशाळला मृत्यू' बसवलं होतं. त्यात अण्णा औरंगजेब. आवाज भारदस्त, त्यामुळे दुसरी भूमिका मिळणं शक्यच नव्हतं.

तिथून पेडगावला गेलो. काष्टीहून फार लांब नाही, दोन्ही श्रीगोंदा तालुक्यातच. 'वेड पांघरून पेडगावला जाणे' हे आपण सहज म्हणतो, पण पेडगाव पाहिलेला माणूस क्वचित भेटतो. भीमेच्या काठचा भुईकोट. बहादूरखानाच्या नावाने बहादूरगड, आता धर्मवीरगड. आत लक्ष्मीनारायणाचं जुनं, सुंदर देऊळ आहे. बाकी बरीचशी पडझड आणि बाभळी. १ फेब्रुवारी १६८९ रोजी संगमेश्वरला पकडलेल्या संभाजीराजांना आणि कवी कलशांना पंधरवड्यात इथे आणलं, बादशहासमोर उभं केलं.

आता मुद्द्यावर येतो. संभाजीराजांवर मराठीत इतकी नाटकं का झाली? मला वाटतं, आपल्या नाटककारांना शोकांतिकेचा नायक हवा होता आणि तो आयता मिळाला. शोकांतिकेचा जुना नियम असा, की नायक मोठा हवा आणि त्याच्यात एक वैगुण्य हवं. त्या वैगुण्यानेच तो बुडतो. गडकऱ्यांनी 'राजसंन्यास'मध्ये हेच केलं. नाटक अपुरं राहिलं, १९१९ च्या जानेवारीत गडकरी गेले. पण राजा विलासात गुंतला आणि राज्य गेलं हा साचा पक्का झाला. औंधकरांच्या 'बेबंदशाही'ने, १९२४ साली, तोच पुढे नेला. या साच्याला आधार होता बखरींचा. त्यातली मल्हार रामराव चिटणिसांची बखर तर राजांच्या मृत्यूनंतर सव्वाशे वर्षांनी लिहिलेली. राजांनी ज्या बाळाजी आवजींना देहदंड दिला, त्यांच्याच वंशजाने.

मग १९६० मध्ये वा. सी. बेंद्र्यांचं चरित्र आलं, पुढे कमल गोखल्यांचं, आणि ते वैगुण्यच गळून पडलं. उरला तो नऊ वर्षं चार आघाड्यांवर लढणारा, संस्कृतात 'बुधभूषण' लिहिणारा राजा. (२०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा पुतळा उखडून मुठेत टाकला गेला. एका अपुऱ्या नाटकाला शंभर वर्षांनी असं उत्तर द्यावं, हे मला पटलं नाही. असो.)

पण वैगुण्य गेलं, तर शोकांतिका राहते का? की मग उरतं फक्त नशीब? चुकीच्या दिवशी संगमेश्वरला मुक्काम पडला, मुकर्रबखान घाट उतरून अचानक आला, संपलं.

पुलंनी 'राजा ओयदिपौस' मराठीत आणलं, ते कॉलेजात वाचलं होतं. तिथे भाकीत आधीच झालेलं. राजा ते टाळायला जितका पळतो तितका त्याच्याच तोंडात जातो. पण शेवटी स्वतःचे डोळे तो स्वतः फोडतो आणि सांगतो, की भोग देवाने दिला, हात मात्र माझा. पेडगावच्या राजाचे डोळे दुसऱ्यांनी काढले. मग त्याचं स्वतःचं काय होतं?

याचं उत्तर मला अनपेक्षित ठिकाणी मिळालं, खाफीखानात. हा मोगलांचा इतिहासकार, राजांबद्दल एक बरा शब्द लिहीत नाही. तो सांगतो, की काही सल्लागारांचं मत होतं, किल्ल्यांच्या किल्ल्या घ्याव्यात आणि दोघांना जिवंत कैदेत ठेवावं. ही काही हवेतली गोष्ट नव्हती. विजापूर १६८६ ला पडलं, गोवळकोंडा १६८७ ला. सिकंदर आदिलशहा कैदेत जिवंत होता, तानाशहा दौलताबादला जिवंत होता. राजांना हे माहीत असणारच. खाफीखान पुढे लिहितो, की लाचारीने वाचलो तरी रोजचं जगणं रोजचं मरण होईल हे दोघांनी ओळखलं, आणि बादशहाची माणसं ऐकत असताना मुद्दाम त्याला शिव्या घातल्या.

मुद्दाम. शत्रूच्या लेखणीतून हे आलंय म्हणून मी त्याला बखरीपेक्षा जास्त मानतो. बादशहाने शब्द पाळला असता की नाही, कोण सांगणार? पण दार किलकिलं होतं आणि ते आतून लावलं गेलं. ११ मार्चला शेवट झाला. त्यानंतर अठरा वर्षं दख्खनेत झगडून औरंगजेब मेला तो भिंगारला, आपल्याच जिल्ह्यात.

हे सगळं अण्णांशी एकदा बोललो होतो. दवाखान्यात. किडन्या गेल्या होत्या, डॉक्टर आठवड्यातून दोनदा डायलिसिस सांगत होते. अण्णा म्हणाले, नको, घरी चल. मी चिडलो. म्हटलं, "तुम्ही नशिबावर टाकून मोकळे होताय."

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आरं, मी बादशा केला. समोरचा काय बोलतोय ते मीच सगळ्यात जवळून आयकलं. धरलं जानं त्याच्या नशिबात व्हतं. न्हाई म्हननं नव्हतं."

तेव्हा मला ते नाटकातलं वाक्य फेकल्यासारखं वाटलं आणि मी आणखी वाद घातला. त्यांनी ऐकलं नाही. घरी आणल्यावर दोन बाजार झाले, तिसरा शनिवार त्यांनी पाहिला नाही.

पेडगावहून परत येईपर्यंत काष्टीचा बाजार उठला होता. आईने विचारलं, "कुठं गेला होतास एवढा वेळ?" म्हटलं, "पेडगावला." ती हसली. "वेड पांघरून?" मग माळ्यावरची पेटी काढायला सांगितली. यात्रेतला तो जरीचा झगा अजून तिने ठेवलाय. कसर लागलीय, पण कॉलर शाबूत आहे.