शनिवारचा बर्नस्टाइन, रविवारचा बर्नस्टाइन

कानात इअरफोन घालायची सोय नसलेल्यांसाठी हा आजचा एपिसोड, लेखी स्वरूपात.

सुरुवात एका वीकेंडपासून करू. न्यूयॉर्क, १३ नोव्हेंबर १९४३, शनिवार. टाउन हॉलमध्ये गायिका जेनी टूरेल एका पंचवीस वर्षांच्या पोराने रचलेली गाणी गाते. पोराचं नाव लेनर्ड बर्नस्टाइन. नोकरी न्यूयॉर्क फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रात, असिस्टंट कंडक्टरची. कंडक्टर म्हणजे वादकांसमोर उभा राहून अख्खा वाद्यवृंद चालवणारा माणूस. आणि असिस्टंट म्हणजे तो आजारी पडला तर ऐनवेळी उभा राहणारा.

रविवारी नेमकं तेच झालं. पाहुणे कंडक्टर ब्रुनो वॉल्टर यांना फ्लू. दुपारी कार्नेगी हॉलमध्ये कार्यक्रम, रेडिओवरून देशभर थेट प्रक्षेपण, आणि रिहर्सल शून्य. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, टेस्टिंग न करता थेट प्रॉडक्शन! पोराने बाजी मारली. सोमवारी 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर बातमी. कंडक्टरची, हं. शनिवारच्या गाण्यांची नाही.

मला वाटतं, पुढची ४७ वर्षं या दोन बर्नस्टाइनमध्ये रस्सीखेच चालू राहिली.

थोडं मागे जाऊ. जन्म १९१८, मॅसॅच्युसेट्समधलं लॉरेन्स गाव. वडील युक्रेनमधून आलेले ज्यू, ब्यूटी पार्लरना माल पुरवायचा धंदा. मुलाने धंदाच बघावा ही त्यांची इच्छा. पण दहाव्या वर्षी आत्याचा पियानो घरी आला आणि विषय संपला. पुढे हार्वर्ड, मग फिलाडेल्फियाची कर्टिस इन्स्टिट्यूट.

१९४४ मध्ये त्याने 'जेरेमाया' सिम्फनी, 'फॅन्सी फ्री' बॅले आणि ब्रॉडवेवर 'ऑन द टाउन' असे तीन तऱ्हेचे प्रयोग लोकांसमोर आणले. त्याचे गुरू कुसेवित्स्की मात्र ब्रॉडवेवर नाराज. त्यांचं मत, कंडक्टरने असल्या नादाला लागू नये. १९५७ मध्ये 'वेस्ट साइड स्टोरी' आली. तुफान! आणि १९५८ मध्ये तो फिलहार्मोनिकचा संगीत दिग्दर्शक झाला, त्या पदावरचा पहिला अमेरिकेत जन्मलेला माणूस. त्याच वर्षापासून टीव्हीवर मुलांना संगीत समजावून सांगायला लागला. पॉडकास्ट करणारा म्हणून हा बर्नस्टाइन मला सगळ्यात जवळचा. पण लिहायला वेळ कुठून काढणार?

म्हणून १९६४-६५ मध्ये त्याने सरळ एक वर्ष सुट्टी घेतली. एका नाटकावरून म्युझिकल करायला घेतलं, ते फसलं. तेव्हा प्रतिष्ठित मानली जाणारी, सूर-पट्टी झुगारणारी पद्धत वापरून पाहिली, ती आपली नाही हे कळलं. वर्षाअखेरीस हातात एकच नवी रचना: 'चिचेस्टर साम्स', जेमतेम वीस मिनिटांची.

१९६९ मध्ये त्याने संगीत दिग्दर्शकाचं पद सोडलं, रचनेसाठीच. (पुढे १९७८ मध्ये हेच पद आपल्या मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांकडे आलं.) १९७१ मध्ये 'मास' आलं, १९८३ मध्ये 'अ क्वाएट प्लेस' हा ऑपेरा, समीक्षकांनी दोन्हींवर टीका केली. याउलट १९८९ च्या नाताळात, भिंत पडल्यानंतरच्या बर्लिनमध्ये, त्याने बेथोव्हेनची नववी सिम्फनी केली. शिलरच्या कवितेतला 'आनंद' हा शब्द बदलून 'स्वातंत्र्य' केला आणि जगभर गाजला. पुन्हा रविवारचाच बर्नस्टाइन जिंकला!

९ ऑक्टोबर १९९० रोजी त्याने कंडक्टिंगमधून निवृत्ती जाहीर केली. पाचच दिवसांनी, १४ ऑक्टोबरला, तो गेला. वय ७२.

दिवसा कोड, रात्री पॉडकास्ट, त्यामुळे "एक काहीतरी धर ना" हे वाक्य मी घरी रोज ऐकतो. खरं सांगतो, ही तारीख वाचून पोटात गोळा आला.

पण मग 'चिचेस्टर साम्स'चा दुसरा भाग ऐकला. एक कोवळा मुलाचा आवाज गातोय. ती चाल त्या फसलेल्या म्युझिकलमधली. मध्येच पुरुषांचा आवाज आदळतो. ते संगीत 'वेस्ट साइड स्टोरी'तून वगळलेल्या गाण्याचं. म्हणजे ब्रॉडवेचं उरलंसुरलं सामान, आणि त्यातून हिब्रू प्रार्थना! एकच काहीतरी धरणाऱ्याकडे हे सामान असतं का?

आज रात्री ऐका आणि तुम्हाला काय वाटलं ते कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!